मालवण बंदर आणि आसपासची बेटं: भरती-ओहोटी बघून आखायची तीन दिवसांची फेरी

मालवणला येणारे बहुतेक पाहुणे दुपारी बाराच्या सुमारास जेटीवर पोहोचतात. ऊन डोक्यावर असतं, होडीची रांग वळसा घालून रस्त्यापर्यंत आलेली असते, आणि वारा उलटून समुद्रावर फेसाळ लाटा उठू लागलेल्या असतात. समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर तासभर धावपळ, संध्याकाळी तारकर्लीला वाळूत फोटो, दुसऱ्या दिवशी घाईघाईत स्कूबा, आणि परत. बंदर मात्र पाहायचं राहून जातं.

माझं आजोळ मालवण तालुक्यातलं. मामाच्या घरी दिनदर्शिका लटकायची ती सणवार बघायला कमी आणि तिथी बघायला जास्त. बंदराचा दिवस घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो. तुम्हीही फेरी त्याच हिशेबाने आखलीत तर त्याच तीन दिवसांत दुप्पट पाहून होईल, आणि गर्दीचा त्रासही निम्मा होईल.

आधी महिना, मग तिथी

महिना ठरवणं सोपं आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा त्याही आधी, साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात थांबतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत बंद राहतात. म्हणजे पावसाळ्यात येऊन किल्ला फक्त किनाऱ्यावरून दिसेल. पावसातलं मालवण फार देखणं असतं, पण ती वेगळी सहल. या फेरीसाठी ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ धरा. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक एकदमच येतात, शिवाय अरबी समुद्रात मे-जूनमध्ये वादळं उठतात. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते इथूनच वर गेलं होतं.

नारळी पौर्णिमेला आलात तर बंदरावर पाय ठेवायला जागा नसते. दर्याला श्रीफळ अर्पण होतं, नारळ लढवण्याची चुरस लागते. होडीत बसायला मिळणार नाही, पण नवा हंगाम सुरू झाल्याची खूण म्हणून हा दिवस पाहण्यासारखा असतो.

आता तिथी. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चाराने भागा. उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण. तिथून सव्वासहा तास पुढे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून फोनवरच्या भरतीच्या तक्त्याशी पडताळून घ्या. पण घरी बसून तारीख निवडायला आडाखा पुरेसा आहे.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, पाणी फारसं हलत नाही. मुंबईइतका मोठा फरक मालवणात पडत नाही, पण खडक आणि वाळूचे दांडे उघडे पडायला तो पुरतो.

माझी शिफारस द्वितीया किंवा तृतीया, शुद्ध असो वा वद्य. उधाण अजून उतरलेलं नसतं आणि ओहोटी सकाळी साडेसात-साडेआठला येते, म्हणजे उजेड असतो, ऊन नसतं. सिंधुदुर्गाची मुहूर्तमेढ २५ नोव्हेंबर १६६४ ला रोवली, ती तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया. खडक जास्तीत जास्त उघडे पडण्याचाच हा दिवस. योगायोग असेलही, पण आमच्या मामाला तो कधीच योगायोग वाटला नाही.

येणं आणि राहणं

रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरा. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या दोन्हीकडे थांबतात. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी मिळते, रिक्षाही मिळते, पण रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. गाडीने येत असाल तर मुंबई-गोवा महामार्गावर कसालला वळा. परुळे-चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे, विमानं मोजकी, वेळापत्रक बदलतं. त्याच्या भरवशावर सगळी सहल बांधू नका.

राहायला बहुतेकांना तारकर्ली हवी असते. मी पहिल्या दोन रात्री मालवण शहरातच, दांडी-वायरी भागात घरगुती निवासात राहायला सांगेन. कारण सरळ आहे: पहाटे साडेसहाला किनाऱ्यावर असायचं तर सात किलोमीटरवरून येणं होत नाही, कितीही गजर लावा. तिसरी रात्र देवबागला काढा.

पहिली पहाट: दांडी

उजाडता उजाडता दांडीच्या किनाऱ्यावर जा. या वेळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो. त्याला मतलई म्हणतात. पाणी सपाट असतं. रात्रीच्या होड्या परत येत असतात, जाळी झटकून त्यातले बांगडे, पेडवे सोडवण्याचं काम वाळूतच चालू असतं.

नशीब असेल तर रापण लागलेली दिसेल. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेलं लांबलचक जाळं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणि दोन्ही दोरांना माणसांच्या दोन रांगा. हळूहळू ओढत त्या एकमेकींजवळ येतात. ही एकट्या माणसाची मासेमारी नव्हेच, जाळं संघाचं, मासळीही वाटून घ्यायची. माझ्या लहानपणी दोराला हात लावणाऱ्या पोरांनाही चार बांगडे मिळायचे. आता तुम्ही ओढायला गेलात तर आधी विचारा, आणि दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका. ओढ अचानक सैल पडली की माणूस आडवा होतो. पायात दोर अडकून मी एकदा तोंडावर आपटलो आहे आणि अख्ख्या रापणीला दिवसभराची करमणूक पुरवली आहे.

रापणीला पूर्वीइतकं मिळत नाही, हे कोणीही सांगेल. खोल समुद्रात पर्ससीन, म्हणजे थवा घेरून खालून आवळायच्या जाळ्यांनी आणि रात्री एलईडी दिव्यांनी थव्याचा थवा उचलला जातो, किनाऱ्याकडे काय येणार? २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, २०२१ मध्ये कायदा कडक केला, तरी वाद मिटलेला नाही. गप्पांत हा विषय निघाला तर ऐका. आपलं मत लगेच मांडायची घाई नको, समोरच्याचं पोट त्यावर आहे.

वाटेत मोरयाचा धोंडा बघायचा विसरू नका. किनाऱ्यावरच्या खडकावर गणपती, नंदी, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे झाली. किल्ल्याकडे धावणाऱ्यांना हा धोंडा माहीतच नसतो.

सकाळची पहिली होडी: सिंधुदुर्ग

नाश्ता आटपून जेटीवर या. सकाळची पहिलीच होडी पकडा. दहा-अकरानंतर समुद्रावरून वारा सुटतो, होडी हलू लागते आणि रांग वाढते. तिकीट जाऊन-येऊन असतं. सुटे पैसे जवळ ठेवा, बंदरावर नेटवर्कचा भरवसा नाही. लाइफ जॅकेट अंगावर घाला आणि बंद लावा, मांडीवर ठेवू नका. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर होड्या सुटत नाहीत. तेव्हा हुज्जत घालू नका, बाजारपेठेत खाजा खायला जा.

होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. किल्ला तासात होत नाही. चढण्याआधीच तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना विचारा: ‘काका, दुसऱ्या होडीन इलंव तर चलात काय?’ बऱ्याचदा चालतं. नाही म्हणाले तर आपलं तासाचं नियोजन पक्कं ठेवा.

कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ ते १६६७ या काळात उभा राहिला. क्षेत्र ४८ एकर. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. तट सरळ कुठेच जात नाही, खडकाच्या कडेकडेने नागमोडी वळत राहतो. होडी जवळ येते तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात तो लपवलेला आहे, शत्रूला तोफ रोखायला सरळ रेषाच मिळू नये म्हणून. अगदी उतरल्यावरच तो समोर येतो. होडीतल्या सगळ्यांना मी दरवाजा शोधायला लावतो. अजून एकालाही वेळेत सापडलेला नाही.

आत गेल्यावर गर्दी उजवी-डावी न बघता मंदिराकडे चालू लागते. तुम्ही आधी दरवाजाच्या वरच्या बाजूला जा. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे तिथल्या छोट्या घुमट्यांत आहेत. ते शिवाजी महाराजांचे मानतात. मग शिवराजेश्वर मंदिर. राजाराम महाराजांनी बांधलेल्या या मंदिरात महाराजांची बैठी, दाढी नसलेली मूर्ती आहे. नावाड्याच्या वेशातली, असं सांगतात. पुढे दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरीत गोडं. ‘बाव’ म्हणजे विहीर, पाटीवर ‘बाग’ समजून झाडं शोधणारेही भेटतात.

उरलेला वेळ तटावर घालवा. तटातून वर जायला जिने आहेत, तटाच्या जाडीतच बसवलेले शौचकूप आहेत. तीनशे साठ वर्षांपूर्वी शिबंदीच्या स्वच्छतेचा विचार दगडात बांधून ठेवलेला पाहिला की आजच्या पर्यटनस्थळांवरची सोय आठवते, असो. समुद्राकडच्या बाजूला तटालगत वाळूचा छोटा तुकडा आहे, राणीची वेळा. ताराबाई तिथे समुद्रस्नानाला जात, अशी आख्यायिका. तटाच्या कडेला उभं राहून सेल्फी काढू नका, दगड सैल आहेत.

किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांची घरं, अंगणं प्रदर्शनातली नव्हेत. सरबत घ्या, गप्पा मारा, पण दारात डोकावून फोटो नको. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली, त्यात सिंधुदुर्ग आहे. तेव्हापासून शनिवार-रविवार टाळणं आणखी गरजेचं झालं आहे.

दुसरी सकाळ: पद्मगड

सिंधुदुर्गाच्या आणि दांडीच्या मध्ये एक लहानसा खडकाळ तुकडा दिसतो, तो पद्मगड. इथे जहाजांची बांधणी-डागडुजी होत असे, असं सांगतात. पूर्ण ओहोटीला दांडीकडून वाळूचा दांडा उघडा पडतो आणि चालत जाता येतं. द्वितीयेचा हिशेब मी धरायला लावला तो यासाठी.

पण नीट ऐका. वाळू दरवर्षी सरकते. कधी पाणी घोट्याला लागतं, कधी मांडीपर्यंत. म्हणून:

निघण्याआधी दांडीवर जाळी विणत बसलेल्या माणसाला विचारा, ‘काका, आज चलान जावक गावात काय?’ (चालत जायला मिळेल का?) ते नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी निघा आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासात परत फिरा. पाणी परत चढताना समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळतं, आणि माणूस बुरुजाचे फोटो काढत राहतो. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर माघारी या. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. कालवांची कवचं ब्लेडसारखी कापतात, चपला वाळूत रुतून बसतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर दांडीवरून लहान होडी ठरवणं शहाणपणाचं.

हा सगळा भाग १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं, त्याचा गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा, आणि पद्मगड व सिंधुदुर्गालगतचं पाणी त्या गाभ्यात. शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालू नका.

पाण्याखाली

किल्ल्याच्या मागच्या बाजूला खडकांवर प्रवाळ आहे आणि स्नॉर्कलिंगच्या होड्या तिकडेच जातात. पाणी निवळ हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, आणि शक्यतो भांगाच्या दिवसांत. उधाणाला पाणी गढूळ होतं. म्हणजे पद्मगड आणि स्नॉर्कलिंग एकाच फेरीत दोन्ही उत्तम मिळणं कठीण, एक निवडा. मी पद्मगड निवडतो, माझी मुलगी मला त्यासाठी अजून माफ करत नाही.

होडी ठरवताना दर शेवटी विचारा. आधी बघा: लाइफ जॅकेट माणशी आहे का, किती लोक बसवणार, बंदर खात्याचा परवाना आहे का. २०२२ च्या मेमध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. ‘अजून दोघं येऊ देत’ असं कोणी म्हणालं तर उतरून जा. मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात, तो आपल्यापुरता नको म्हणून सांगा. आणि प्रवाळावर पाय ठेवून उभं राहू नका, खडक वाटला तरी तो जिवंत असतो.

दुपार उतरताना: लिलाव

तीननंतर परत बंदरावर या. होड्या लागू लागतात, टोपल्या वाळूत उतरतात आणि लिलाव सुरू होतो. मोठ्या ट्रॉलरांची गजबज बघायची असेल तर चारेक किलोमीटरवर, कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोटला जा. तिथे बुटक्या तटाचा छोटा किल्लाही आहे, पण मासळीच्या गडबडीत त्याच्याकडे कोणी बघत नाही.

लिलावाची बोली पुकारली जाते ती टोपलीवर, किलोवर नव्हे. घेणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि त्यांच्या बोटांच्या इशाऱ्यांचा वेग शेअर बाजाराला लाजवणारा. तुम्ही रिंगणाच्या बाहेर उभे राहा, मध्येच हात वर करू नका. मी एकदा डोळ्यांवरचं ऊन अडवायला हात वर केला आणि पेडव्यांची टोपली माझ्या नावावर होता होता राहिली. ‘रे झिला, फोटोच काढतलस काय मासो पण घेतलस?’ असं कोणी काकी म्हणाली तर ती रागावलेली नसते, पण प्रश्न खराच असतो. घ्या थोडं काहीतरी.

लिलाव संपला की त्याच बायका बाजूला बसून किरकोळ विकतात. तेव्हा घ्या. इथे सुरमईला इसवण म्हणतात, पापलेटाला सरंगो, कोळंबीला सुंगटां. सगळे पर्यटक इसवण आणि सरंगा मागतात, म्हणून भाव त्यांचाच चढतो. तुम्ही बांगडा, सौंदाळे, लेपो किंवा मुडदुसे घ्या. स्वस्त, ताजे, आणि चवीला कुठेच कमी नाहीत. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर, अंग बोटाने दाबलं तर परत वर यायला हवं. कल्ल्याला बोट लावण्याआधी विचारायचं.

घेतलेली मासळी निवासाच्या मालकिणीला द्या. बहुतेक जणी करून देतात, करणावळ आधी ठरवा. बांगडा असेल तर ‘तिरफळां घालून तिखलां करा’ म्हणून सांगा. त्यावर भात आणि सोलकढी. हॉटेलातल्या थाळीत हे मिळत नाही, तिथे सगळ्या माशांना एकच वाटण असतं.

तिसरा दिवस: देवबाग किंवा जुवे

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी. टोकाला संगम. तिथून होड्या डॉल्फिन दाखवायला निवती-भोगव्याच्या दिशेने जातात आणि येताना ‘त्सुनामी आयलंड’वर सोडतात. नाव मोठं, बेट म्हणजे नदीतला वाळूचा उंचवटा. भरतीला तो आक्रसतो, म्हणून ओहोटीची वेळ धरा. डॉल्फिनसाठी सकाळी सातची होडी. होडीवाल्याला पाठलाग करू नका म्हणून सांगा, इंजिन बंद करून थांबलं तर ते आपणहून वर येतात. दुपारी इथे गाणी आणि पाण्यावरच्या मोटारींचा गोंगाट असतो, तेव्हा तुम्ही जेवून झोपलेले बरे.

गोंगाट नकोच असेल तर उलट दिशेला, उत्तरेकडे जा. कालावलच्या खाडीत खोत जुवा आणि पाणखोल जुवा ही माणसांची वस्ती असलेली बेटं आहेत. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. होडीनेच जायचं. पाहायला ‘पॉइंट’ एकही नाही: माड, शेताचे तुकडे, खाजणाची झाडी, शाळेला होडीतून निघालेली पोरं. गावातल्या ओळखीच्या माणसामार्फत गेलात तर बरं, जेवणही सांगता येतं. जवळच तळाशीलला समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये जेमतेम एका वाडीइतकी जमीन उरते, संध्याकाळी तिथे उभं राहा.

परतीचा दिवस सोमवार ठेवता आला तर मालवणचा आठवडा बाजार मिळतो. सुकी मासळी, कुळीथ, तिरफळं, आमसुलं तिथेच घ्या. सुके बांगडे दोन पिशव्यांत बांधून वर वर्तमानपत्राचे चार थर गुंडाळा आणि तरीही ती पिशवी रेल्वेत आपल्या बर्थखाली ठेवा, दुसऱ्याच्या नाही. खाजा गुळाचा आणि आल्याचा घ्या. कुडाळला रात्रीच्या कोकणकन्येसाठी दीड तास आधी मालवण सोडा. घाटरस्ता नाही, पण वाटेत कोणीतरी ‘इलास काय, चाय घेऊन जावा’ म्हणतंच.